‘दुसरा चंद्र’ आणि तारवाली

वाद्यदुरुस्तीच्या त्या दुकानात सात माणसं काम करायची, त्यांत बाई एकच. गिटारची वाकलेली मान सरळ करायची, मानेवरच्या झिजलेल्या धातूच्या पट्ट्या उपसून नव्या ठोकायच्या, सुटलेल्या वायरींना डाग द्यायचा, ही कामं तिच्या टेबलावर. गिऱ्हाईक आत आलं की आधी विचारायचं, “तारवाली आहे का?” नसली तर वाद्य घेऊन परत जायचं. मालकांना त्याचं वाईट वाटत नसे. “पाटीवर नाव माझं आहे, हात तिचे आहेत,” असं ते उघड सांगत.

तिला स्वतःला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, दुरुस्ती पोटासाठी. खरी ती बेस गिटार वाजवणारी. चार जाड तारांचं, खालच्या आवाजाचं ते वाद्य. वाजत असतं तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही आणि थांबलं की गाण्याच्या पायाखालची जमीन सरकते. तिचा नवरा ड्रम वाजवायचा. एका हॉटेलच्या बँडमध्ये दोघांची ओळख झाली, तिथेच जमलं, आणि लग्नानंतरची बारा वर्षं शनिवार-रविवारी त्याच हॉटेलात दोघं लोकांना नाचवत राहिली. मुलगी झाली तेव्हा ती पाच महिने घरी बसली होती, तेवढाच काय तो खंड. बँडमधला म्हातारा ट्रंपेटवाला म्हणायचा, “ही दोघं म्हणजे जात्याच्या दोन तळ्या. मध्ये काय वाटेल ते टाका, पीठ बारीकच पडणार.”

अशात एक बातमी आली. तीन नावाजलेले बँड एकाच वर्षात फुटले, आणि त्यांतली निवडक माणसं मिळून नवा बँड काढणार असं वर्तमानपत्रात छापून आलं. नाव ठरलं ‘दुसरा चंद्र’. ऑर्गन वाजवणारा एका बँडचा, गिटार घेऊन गाणारा दुसऱ्याचा, बेसवाला तिसऱ्याचा. वीस-वीस मिनिटांची गाणी, कधी सात मात्रांची चाल, कधी अकरा, मध्येच ऑर्गनचं वादळ आणि लगेच सुई पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. असल्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, हे हॉटेलात नाचायला येणाऱ्यांच्या गावीही नव्हतं. तारवाली मात्र दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता तसल्याच रेकॉर्ड लावायची आणि बोटांनी टेबलावर मात्रा मोजायची.

ठरलेल्या ड्रमवाल्याने ऐन वेळी नकार दिला. मग ऑर्गनवाले, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते माणूस शोधत गावभर फिरू लागले. दोन रविवार ते हॉटेलात येऊन कोपऱ्यात बसले. पुढ्यातलं लिंबाचं सरबत तसंच ठेवून, डोळे मिटून ऐकत राहिले. तारवालीने त्यांना ओळखलं होतं. दुसऱ्या रविवारी तर तिने असं वाजवलं की ट्रंपेटवाला वळून बघायला लागला.

बुधवारी दुपारी ती आणि सासूबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या. नवरा दारात आला.

“मास्तरांनी बोलावलंय,” तो म्हणाला.

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. “आपल्याला?”

तो बूट काढायला खाली वाकला. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ वाकला.

“मला. बेसवाला आहे त्यांच्याकडे.”

“असणारच,” ती म्हणाली, आणि शेंग सोलली. सासूबाईंनी लेकाच्या पाठीवरून हात फिरवला. तारवालीही हसली, अभिनंदन म्हणाली, चहा टाकला. चहात साखर टाकायची राहिली, ते कुणी बोललं नाही.

तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला. नवरा रोज सकाळी तालमीला जायचा, संध्याकाळी घामेजून यायचा, आणि जेवताना एकच नाव: जिराफ. बेसवाल्याला सगळे जिराफ म्हणत, सहा फुटांच्या वर उंची आणि तिच्यात निम्मी मान. जिराफ असा वाजवतो, जिराफ तसा थांबतो. “आज त्याने आणि मी अकरा मात्रांत असं काही पकडलं ना,” नवरा घास हातात धरून सांगायचा, “की मास्तर उभेच राहिले!” ती भाजी वाढायची. मनात म्हणायची, अकरा मात्रांत पकडायला तुला शिकवलं कुणी? गॅलरीत बसून, मांडीवर टाळी देत, एकेक मात्रा कुणी मोजून घेतली?

ती वाळत चालली. रात्री झोप येईना, दुकानात चिडचिड. सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे. एक दिवस कपडे वाळत घालताना त्यांनी विषय काढला.

“अगं, मी काही आंधळी नाही. कोण आहे ती?”

“कोण ती?”

“ज्या सटवीपायी तुझं हे असं झालंय. सांग मला, मी बघते त्याच्याकडे. पोटचा असला म्हणून काय झालं.”

तारवालीला हसू आणि रडू एकदमच आलं. “आई, ती नाही, तो आहे. सव्वासहा फूट. त्याला दाढी आहे.”

सासूबाईंच्या हातातला चिमटा पडला. मग तिने सगळं समजावून सांगितलं, माझ्या जागेवर दुसरा माणूस बसलाय म्हणून. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग बाई असती तर बरं झालं असतं. बाईला हाकलता तरी आलं असतं.”

पहिली रेकॉर्ड आली आणि गाजली. बावीस मिनिटांचं एक गाणं तर रेडिओवर तुकडे करून लावू लागले. चौकात पोस्टर लागलं. त्यावर चार जणांचे चेहरे, नवरा सगळ्यात मागे, पण होता. तारवालीने ती रेकॉर्ड आणली, आणि दुपारच्या सुट्टीत दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तिचा फडशा पाडला. जिराफचा एकेक सूर तिने उतरवून घेतला, चुका शोधण्यासाठी. तेराव्या मिनिटाला तो अर्धी मात्रा मागे राहतो, हे सापडलं तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिने मालकांना पेढा दिल्यासारखं ते सांगितलं. मालक म्हणाले, “बाई, तुला बावीस मिनिटं तोंडपाठ झालीत, हे तुझ्या लक्षात आलंय का?”

आणि एके दिवशी जिराफच दुकानात हजर. वाद्य टेबलावर ठेवून म्हणाला, “पट्ट्या झिजल्यात. तुमच्या नवऱ्याने सांगितलं, तुमच्याखेरीज कुणाच्या हातात देऊ नकोस.”

माणूस गोड होता. तेच तिला जास्त लागलं. तिने नव्या पट्ट्या ठोकल्या, घासून आरशासारख्या केल्या, मान सरळ केली. शेवटी तारांची उंची लावायची वेळ आली. तार जितकी पट्टीजवळ तितकी बोटाला हलकी. तिने ती लावली, आणि मग कुणी बघत नाही असं बघून स्क्रू परत फिरवला. केसभर. वाद्य घेताना दोन गाणी वाजवून बघितली तर कळणार नाही, पण बावीस मिनिटांत बोटं भाजून निघतील, एवढंच.

त्या शनिवारी मोठ्या नाट्यगृहात कार्यक्रम होता. ती तिसऱ्या रांगेत बसली. बावीस मिनिटांच्या गाण्यात सतराव्या मिनिटाला जिराफने डावा हात झटकला. अठराव्याला दोन सूर सुटले. नवऱ्याने ड्रमवरून मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, मास्तरांनीही पाहिलं. तारवालीच्या अंगातून आनंदाची एक लहर गेली, आणि तिच्या पाठोपाठ लाजेची, ती मात्र गेली नाही. गाणं संपेपर्यंत ती मांडीवरची पर्स दाबून बसली.

जिराफ पुढे सहा महिन्यांनी गेला, पण त्याचं कारण वेगळं होतं. गाणी कुणाची, यावरून त्याचं आणि मास्तरांचं वाजलं. त्याच्याबरोबर गाणाराही गेला. नवा गाणारा आला, आणि बेसला आला एक अबोल माणूस, ज्याला लोक मुका म्हणत. ही बातमी नवऱ्याने घरी सांगितली ती पाठमोऱ्यानेच, कपाटात काहीतरी शोधत. “मिळाला एक जण,” म्हणाला. तारवालीने महिनाभर वाट पाहिली होती की तो एकदा तरी म्हणेल, येतेस का? ती विचारणार नव्हती. मागून मिळालेली जागा तिला नको होती.

जिराफच्या बोटांवरून मात्र तिचं मन तिला खात होतं. त्या कार्यक्रमाला वर्ष होत आलं तेव्हा तो पुन्हा दुकानात आला, वायर सुटली म्हणून. तिने डाग दिला, आणि कथील थंड व्हायच्या आत बोलून टाकलं.

“मागच्या खेपेला तुमच्या तारा मी मुद्दाम उंच ठेवल्या होत्या.”

जिराफ तिच्याकडे बघत राहिला. “का?”

“तुम्ही माझ्या जागेवर बसला होतात म्हणून.”

तो चिडेल, मालकांना हाक मारेल, असं तिला वाटलं. तो स्टूल ओढून बसला. “दोन आठवडे हात पाण्यात बुडवून बसायचो मी,” तो म्हणाला. “वय झालं म्हटलं आपलं.” मग जरा थांबून, “जागा तुमचीच होती म्हणा. मास्तरांनी तर पहिल्यांदा तुम्हा दोघांनाच मागितलं होतं. माझ्याशी तेव्हा त्यांचं पक्कं ठरलेलं नव्हतं. तुमच्या नवऱ्याने सांगितलं की घर, मुलगी, बायको आता वाजवणं सोडणार आहे. म्हणून मग मी. तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

तिने डाग द्यायची तापलेली कांडी जागेवर ठेवली, हात पुसले. “ठाऊक होतं,” म्हणाली. परक्या माणसासमोर आणखी काय म्हणणार?

त्या दिवशी ती दुपारीच घरी आली. मुलगी शाळेत होती, सासूबाई शेजारी गेल्या होत्या. नवरा स्वयंपाकघरात उभ्याने ब्रेड खात होता.

“मी वाजवणं कधी सोडलं रे?” तिने विचारलं.

त्याने तोंडातला घास गिळला. कुठून कळलं, असं विचारलं नाही, हे तिला बरं वाटलं.

“तुला मुलगी होती...”

“मुलगी आपल्या दोघांची आहे. ते नको सांगूस. खरं सांग.”

तो खिडकीशी गेला. “बारा वर्षं,” तो म्हणाला, “लोक येऊन मला म्हणायचे, वा, काय वाजवलंत! आणि मला माहीत असायचं की वाजवलंय तू. मी तुझ्या मागून चालत होतो. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, सगळं तू ठरवायचीस. मास्तर डोळे मिटून कुणाला ऐकत होते, मला कळत नव्हतं? मला एकदा, एकदाच बघायचं होतं, तू नसताना मी कोण आहे.”

“मग? दिसलं का?”

“दिसत होतं,” तो म्हणाला. “बरं चाललं होतं.”

तिला त्याला मारावंसं वाटलं, आणि त्याच वेळी तो काय म्हणतोय ते अक्षर न् अक्षर कळतही होतं. जे तिला इतके दिवस पोखरत होतं तेच त्याला बारा वर्षं पोखरत होतं, आणि दोघं एका ताटात जेवत होती.

मुका आपल्या जुन्या बँडकडे परत चालला आहे, हे सगळ्या गावाला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तारवालीने दुकानातून सुट्टी घेतली, बेस पाठीला लावला आणि तालमीच्या जागी गेली. जुना छापखाना होता तो, भिंतींना अजून शाईचे डाग. मास्तरांनी तिला ओळखलं.

“तुम्ही सोडलं होतंत ना?”

“चुकीची माहिती होती,” ती म्हणाली. नवरा ड्रममागे बसला होता. त्याने मान खाली घातली.

बावीस मिनिटांचं गाणं घेतलं. पाचव्या मिनिटाला तिच्या लक्षात आलं, नवरा लय वाढवतोय, तिला पाडायला. ती हलली नाही. बैल उधळला तरी गाडीवानाने कासरा धरून ठेवावा तशी ती बसून राहिली, आणि तो पुढे पळून, दमून, पुन्हा तिच्याकडे आला. तेराव्या मिनिटाच्या पुढे दोघं असं वाजवत होती की गाणारा गायचं विसरला. संपल्यावर मास्तरांनी एवढंच विचारलं, “सोमवारपासून येता?”

पुढचं वर्ष ‘दुसऱ्या चंद्रा’चं सगळ्यात मोठं. दुसरी रेकॉर्ड पहिलीच्या दुप्पट खपली, नाट्यगृहं सोडून मैदानं भरू लागली. नव्या पोस्टरवर तारवाली मधोमध होती. सासूबाईंनी त्याची एक प्रत आणून फ्रिजवर लावली, आणि लेकाला वाईट वाटू नये म्हणून पहिलंही शेजारी लावलं. नवरा मात्र दिवसेंदिवस आखडत गेला. तिच्याशी झगडत वाजवायचा, कधी मुद्दाम उशिरा, कधी मुद्दाम जोरात. घरी दोघं मुलीच्या अभ्यासाबद्दल बोलायची, गळक्या नळाबद्दल बोलायची.

एका सकाळी मास्तरांनी तिला छापखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं.

“ड्रमला दुसरा माणूस घेतोय. तुमच्या नवऱ्याला मी आज सांगणार आहे. प्रश्न तुमचा आहे. तुम्ही राहाल?”

समोरच्या रस्त्यावर एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवत होता. त्याचं एक अक्षर पुरं होईपर्यंत ती बघत राहिली. ‘त्याला एक संधी द्या’ असं ती म्हणू शकली असती. मास्तर तिचं ऐकणारे होते.

“राहीन,” ती म्हणाली.

त्याने तिच्यासाठी शब्द टाकला नव्हता, म्हणून तिने त्याच्यासाठी टाकला नाही? तसं असतं तर सोपं होतं. खरं म्हणजे तिला ती जागा हवी होती. फिटंफाट हा त्यावर नुसता शिडकावा.

नवा ड्रमवाला पन्नाशीचा, पोलिसांच्या बँडमधून निवृत्त झालेला, एका पायाने किंचित लंगडणारा. पहिल्याच तालमीत त्याने तिच्या सुरांच्या मधल्या मोकळ्या जागा अशा भरल्या की तिला वाटलं, आपलं वाद्यच कुणीतरी बदललं. ती घरी आली तेव्हा नवरा गॅलरीत बसला होता. आठवडाभर त्याने काही विचारलं नव्हतं. आज विचारलं.

“चांगला आहे का तो?”

खोटं बोलणं तिच्या जिभेवर आलं होतं. पण त्या घरात खोटं पुरेसं झालं होतं.

“तुझ्यापेक्षा चांगला आहे,” ती म्हणाली.

त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी बॅग भरून तो बहिणीकडे गेला, आणि दीड महिन्याने परत आला, का ते कुणी विचारलं नाही. आल्यावर एका शाळेत मुलींना ड्रम शिकवायला लागला. शिकवण्यात त्याचा हात चांगला निघाला. हॉटेलात मात्र परत गेला नाही.

बँड आणखी दोन वर्षं टिकला. गाणारा पुन्हा बदलला, गिटारवाला आला आणि गेला, पोस्टरवरचे चेहरे इतके बदलले की छापणाऱ्याने मास्तरांना विचारलं, निदान चंद्र तरी तोच ठेवायचा ना? शेवटी मास्तरांचे हात दुखायला लागले आणि त्यांनीच थांबायचं ठरवलं.

शेवटच्या दौऱ्यातला एक कार्यक्रम त्याच जुन्या नाट्यगृहात झाला. बँडमधून निघाल्यापासून नवरा त्यांचं ऐकायला कधीच आला नव्हता, त्या दिवशी आला. न सांगता, स्वतः तिकीट काढून. तिने त्याला मध्यंतरात पाहिलं, मागच्या रांगेत, मुलीच्या आणि सासूबाईंच्या शेजारी. कार्यक्रमानंतर तो मागच्या दाराशी उभा होता. मुलगी पुढे पळाली, आजीला हात द्यायला.

“बावीस मिनिटांच्या गाण्यात,” तो म्हणाला, “शांतता संपते तिथे तू त्या ड्रमवाल्याची वाट बघतेस. एक श्वासभर. तो येईपर्यंत तू सूर धरत नाहीस.”

“हो,” ती म्हणाली. “तो कुठून येईल ते आधी कळत नाही.”

“माझी कधी वाट बघितली नाहीस.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. जे होतं ते तिने लगेच ओळखलं. जिराफ तिच्या जागेवर होता तेव्हा रोज सकाळी आरशात तिने तेच पाहिलं होतं. तिने बेस खांद्यावरून काढला. आजवर तो तिने कधी कुणाच्या हातात दिला नव्हता, आताही दिला नाही, नुसता दुसऱ्या खांद्यावर घेतला. नवऱ्याने तिची तारांची आणि वायरींची पिशवी उचलली. दोघं सासूबाईंच्या चालीने, हळूहळू, रस्त्याकडे निघाली.